सांगितल्याबद्दल त्याला शिक्षा नको

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगा आठवीत आहे आणि लहानपणापासून अडखळत बोलतो. क्लासमध्ये सरांनी उभं करून धडा वाचायला लावला, तेव्हा कुणीतरी चोरून व्हिडिओ काढला. एका शब्दावर अडकलेला असतानाचा त्याचा चेहरा कापून व्हॉट्सॲपचे स्टिकर झाले, आवाज उचलून इन्स्टाग्रामवर रील झाली. तीन आठवडे तो घरात काही बोलला नाही, तुम्हाला कळलं ते धाकट्या बहिणीकडून. आता त्याचे वडील म्हणतात फोन काढून घ्या, शाळा म्हणते हा क्लासचा विषय आहे, मामा म्हणतात पोलिसांत जा. आणि तुम्ही विचारताय, आधी काय करू?

आधी फोन त्याच्याकडेच राहू द्या.

वीस-बावीस वर्षं मी शाळांमधून समुपदेशन करते आहे. त्यातली निम्मी मुलं तरी बोलण्यात, ऐकण्यात, शिकण्यात किंवा चालण्यात अडचण असलेली होती. ‘घरी का नाही सांगितलंस?’ असं मी या मुलांना नेहमी विचारते. मला वाटायचं, ती म्हणतील भीती वाटली किंवा लाज वाटली. पण बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘फोन गेला असता.’ मुलाचा हिशेब अगदी सरळ असतो. छळ होतोय तो होतोच आहे, आणि सांगितलं तर वर फोनही जाणार. मग गप्प राहिलेलं बरं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत फोनचं मोल आणखी मोठं आहे. जो मुलगा वर्गात एक वाक्य बोलायला अर्धा मिनिट झगडतो, तो चॅटवर तेच वाक्य न अडखळता लिहितो. तिथे त्याच्या तोंडचा शब्द कुणी पुढे होऊन पूर्ण करत नाही, तिथे तो विनोद करतो, वाद घालतो. कर्णबधिर मुलांसाठी व्हिडिओ कॉल तर त्यांच्या खुणांच्या भाषेत बोलण्याची जागा असते. अशा मुलाचा फोन काढून घेणं म्हणजे त्याचा आवाज काढून घेणं, आणि तोही दुसऱ्याच्या अपराधासाठी. रात्री दहानंतर फोन बाहेरच्या खोलीत ठेवण्याचा नियम जरूर करा, पण तो घरातल्या सगळ्यांना लागू असू द्या. वडिलांनाही.

मग पहिलं बोलणं कसं करायचं? समोरासमोर बसवून चौकशी नको. गाडीवरून जाताना किंवा भाजी निवडताना, नजरेला नजर न भिडवता बोललेलं बरं. ‘मला कळलंय. तुझं काही चुकलेलं नाही. फोन तुझ्याकडेच राहील. पुढचं आपण दोघं मिळून ठरवू.’ एवढंच बोला आणि थांबा. तो अडखळायला लागला तर वाक्य पूर्ण करून देऊ नका, ‘सावकाश बोल’ असंही म्हणू नका. बोलून सांगणं जड जात असेल तर लिहून सांगू दे. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांनी सगळी हकीकत आईला शेजारच्या खोलीतून मेसेज करून सांगितली आहे. तसं सांगितलं तर उत्तरही मेसेजवरच द्या, धावत त्या खोलीत जाऊ नका.

‘दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील’ हा सल्ला मात्र देऊ नका. घरोघरी तो मायेनेच दिला जातो, पण मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की हे तुझं तू बघ. ‘अरे, मुलं मस्करी करतात’ हे त्याहून वाईट. मस्करीत दोन्हीकडची माणसं हसतात, आणि एकाला लागलं की दुसरा थांबतो. इथे तो थांब म्हणू शकत नाही, ते थांबत नाहीत, आणि तीन आठवडे हेच रोज चाललंय. डॅन ओल्व्हेयस यांनी शाळेतल्या छळाचा अभ्यास स्कँडिनेव्हियात १९७० च्या दशकात सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या खुणा याच आहेत: पुन्हा पुन्हा होणारा त्रास, जाणूनबुजून दिलेला, आणि ज्याला देतात त्याचं बळ कमी. फोनमुळे त्यात भर एवढीच पडली की पूर्वी शाळा सुटली की पोर घरी येऊन सुटायचं, आता तो त्रास घरात पांघरुणातही त्याच्यासोबत येतो.

आता पुरावा. राग अनावर झाला की माणूस आधी सगळं डिलीट करतो किंवा ग्रुपमधून बाहेर पडतो. थांबा. स्क्रीनशॉट घ्या, पण असे की त्यात तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल. तुमच्या मुलाने नंबर ‘ओम्या’ नावाने सेव्ह केला असेल तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त ओम्या दिसतो, आणि उद्या त्याला अर्थ राहत नाही. म्हणून त्या संपर्काचं पान उघडून नंबरचाही वेगळा फोटो घ्या. रीलची लिंक कॉपी करा, अकाउंटचं नाव अक्षर न् अक्षर लिहून घ्या, कारण दिसणारं नाव मुलं मिनिटात बदलतात. व्हॉट्सॲपवरून अख्खं चॅट एक्सपोर्ट करता येतं, ते करून स्वतःला ईमेल करा. हे काम शक्यतो तुम्ही करा. तेच स्टिकर त्याला पुन्हा पुन्हा बघायला लावू नका.

इथे एक मोठा अपवाद आहे आणि तो कुठल्याही पालकाने विसरू नये. मुलाचा किंवा मुलीचा नग्न अथवा लैंगिक स्वरूपाचा फोटो फिरत असेल, खरा असो की चेहरा जोडून बनवलेला, तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका आणि पुरावा म्हणून मुख्याध्यापकांनाही पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार बालकांचं असं साहित्य गोळा करणं, डाउनलोड करणं, पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. लिंक, अकाउंटचं नाव, वेळ कागदावर लिहा आणि थेट पोलीस गाठा. मुलाने स्वतःच काढलेला फोटो बाहेर गेला असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा उपयोगी पडते. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याची फक्त डिजिटल खूण तयार होते, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो आपापल्या ठिकाणी रोखतात. इन्स्टाग्राम आणि फेसबुक त्यात आहेत.

पुरावा हाती आला की मग रिपोर्ट. रील इन्स्टाग्रामवर रिपोर्ट करताना छळ आणि धमकावणी हे कारण निवडा. बहीण, मावशी, तुम्ही, सगळ्यांनी करायला हरकत नाही, पण त्यासाठी लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मदत करायच्या नादात पाहणाऱ्यांचा आकडा आपणच वाढवतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, आणि हे स्टिकर ज्या क्लासच्या ग्रुपवर फिरतायत त्याचे ॲडमिन क्लासचे सरच आहेत. त्यांना आजच फोन करा. ते ‘मुलांचं असतं हो’ म्हणाले तर लेखी मेसेज करा: ‘तुमच्या ग्रुपमध्ये हे स्टिकर इतक्या तारखांना आले आहेत, ते काढावेत आणि यापुढे ग्रुपवर फक्त तुम्हीच मेसेज टाकू शकाल असं सेटिंग करावं.’ लिहिलेल्या मेसेजला उत्तर देताना माणूस दोनदा विचार करतो. ज्यांनी स्टिकर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवले असतील त्यांच्याकडून ते असे जाणार नाहीत, हे मुलालाही खरं खरं सांगा. ‘आता सगळं पुसलं गेलं’ असं सांगितलंत आणि चार दिवसांनी ते स्टिकर परत आलं, तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास जाईल.

ब्लॉक करण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रोज एकाच बाकावर बसणाऱ्या मुलाला ब्लॉक केलं की दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचाच विषय होतो. इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ ही सोय आहे. समोरच्याला पत्ता लागत नाही, त्याची कमेंट त्याच्याशिवाय कुणाला दिसत नाही, त्याचे मेसेज वेगळे पडतात. ओळखीच्या त्रासदायकांसाठी हे जास्त बरं, आणि अनोळखी असेल तर सरळ ब्लॉक. उत्तर द्यायचंच असेल तर एकदाच, दोन शब्दांत, ‘हे काढ.’ त्यानंतर एकही अक्षर नाही. अशा मुलांना उलटं चिडवण्यात रस नसतो, त्यांना बघायचं असतं की हा तडफडतो कसा. आणि तुमच्या मुलाने संतापाने काही घाणेरडं लिहिलं, तर पुढे स्क्रीनशॉट त्याचाच फिरेल.

सेटिंगचं काम अर्ध्या तासाचं आहे, ते त्याच्या शेजारी बसून करा. त्याच्या हातातून फोन घेऊन नव्हे, फोन त्याच्याच हातात ठेवून. ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं, प्रोफाइल फोटो आणि स्टेटस कुणाला दिसतं, हे सगळं ‘माझे संपर्क’ वर. इन्स्टाग्राम अकाउंट प्रायव्हेट. टॅग आणि मेन्शन फक्त तो ज्यांना फॉलो करतो त्यांनाच. ‘हिडन वर्ड्स’मध्ये त्याला जे शब्द लागतात ते टाकून ठेवा, म्हणजे त्या शब्दांच्या कमेंट दिसणार नाहीत. ते शब्द कोणते हे त्यालाच टाईप करू दे. मी हे करून घेताना पाहिलं आहे, तोंडाने कधीच न सांगितलेली नावं मुलं त्या रकान्यात एकामागून एक लिहितात, आणि शेजारी बसलेल्या आईला तेव्हा कळतं की काय काय चाललं होतं. आणखी एक, व्हॉट्सॲपमध्ये आता कुठल्याही फोटोतून चेहरा कापून स्टिकर करता येतं. वाढदिवसाला तुम्ही स्टेटसला टाकलेला फोटो, शाळेने फेसबुकवर टाकलेला बक्षीस समारंभाचा फोटो, यातूनही. तुमचं स्टेटस कोण कोण बघतं ते एकदा तपासा. इतर पालकांचे नंबर त्यात असतात, आणि पालकांचे फोन मुलांच्याच हातात असतात.

तुमच्यासारख्याच प्रश्नाने जे बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांचे पालक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते, कारण तिथे गोष्ट फार वेगळी असते. तुमच्या मुलाला निदान कळतंय की आपली टर उडवली जातेय. या मुलांना अनेकदा ते कळतच नाही. ग्रुपमध्ये सगळे हसतायत म्हणजे आपण आवडतो, असं त्यांना वाटतं. ‘नाचून दाखव’, ‘अमुकला फोन करून असं म्हण’, ‘पासवर्ड दे, आपण दोस्त ना?’ असं सांगितलं की ती मनापासून करतात. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हा नियम इथे निरुपयोगी आहे, कारण छळणारे ओळखीचेच असतात, बहुधा वर्गातले, कधी चुलतभाऊही. त्यांना मित्राची व्याख्या शिकवावी लागते, तीही ठोस. जो म्हणतो ‘आईला सांगू नकोस’ तो मित्र नाही. जो तुला करायला लावतो आणि स्वतः करत नाही तो मित्र नाही. जो कपडे काढायला सांगतो तो मित्र नाही, मग तो कुणीही असो. ही वाक्यं चित्रांसकट कपाटाच्या दारावर लावा आणि रोजच्या रोज खेळून दाखवा: मी मित्र होते, तू मला नाही म्हण. एकदा सांगून होत नाही. महिनोन्‌महिने लागतात, पण नक्की जमतं.

शाळेकडे वळू. क्लासचा विषय म्हणून शाळा हात झटकत असेल तर विचारा, ती मुलं कुठल्या शाळेची आहेत? महाराष्ट्रात शाळांमध्ये तक्रारपेटी असावी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी, असे शासनाचे आदेश आहेत. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या, समितीचा उल्लेख करा आणि पोच घ्या. प्रकरण लैंगिक स्वरूपाचं असेल तर शाळेला गप्प बसण्याची मुभाच नाही. २०१२ च्या पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे.

पण शाळेत काय मागायचं, हे जास्त महत्त्वाचं. उमेदीच्या वर्षांत मी एक चूक केली होती, ती अजून सलते. पाय ओढत चालणाऱ्या एका मुलीचा व्हिडिओ फिरला होता. मी सगळ्या वर्गासमोर त्या चार मुलांना उभं केलं, माफी मागायला लावली, हात मिळवायला लावले. मला वाटलं न्याय झाला. त्या मुलीने मान वर केली नाही. ज्यांनी तो व्हिडिओ पाहिलाच नव्हता त्यांनाही त्या दिवशी तो माहीत झाला, आणि पुढच्या आठवड्यात तिने शाळा बदलली. सांगण्याची किंमत तिनेच मोजली, आणि ती मोजायला मी लावली.

म्हणून मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा: वर्गासमोर काही नको, समेटाची बैठक नको. भांडण दोन सारख्यांचं असेल तर समेट होतो, इथे दोघं सारखे नाहीत. त्या मुलांना एकेकटं बोलवा, त्यांच्या पालकांना वेगळं बोलवा, आणि आमच्या मुलाने नावं दिली असं न म्हणता ‘आमच्याकडे स्क्रीनशॉट आहेत’ एवढंच म्हणा. दुसरी मागणी साक्षीदारांबद्दल करा. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने घडवलेला ‘किवा’ नावाचा कार्यक्रम आहे. त्यात छळणाऱ्यांशी बोलून झाल्यावर शिक्षक वर्गातल्या दोन-चार चांगल्या, वजन असलेल्या मुलांना बोलावतात आणि त्या मुलाला साथ द्यायला सांगतात. आपल्याकडे त्यासाठी कुठलाही निधी लागत नाही. वर्गशिक्षकांनी कबड्डीच्या संघातल्या एका पोराला बाजूला घेऊन ‘मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत डबा खा, आणि ग्रुपवर स्टिकर आलं की बास झालं लिही’ एवढं सांगावं. मी पाहिलेल्या प्रकरणांमध्ये शिक्षेपेक्षा हे अधिक वेळा लागू पडलं. तीस मुलांच्या ग्रुपमध्ये छळणारे तिघं असतात. उरलेल्यांपैकी कुणीच काही बोलत नाही, हे त्या मुलाला जास्त लागतं.

मोठ्याने वाचायला लावण्याबद्दलही बोला. तोतरेपणा असलेल्या मुलाला अचानक उभं केलं की ताण वाढतो आणि शब्द जास्त अडतो, हे क्लासच्या सरांना बहुधा कुणी सांगितलेलंच नाही. कधी वाचायचं, एकट्याने की दुसऱ्यासोबत, हे त्याला आधी विचारावं. काही मुलांना स्वतःच वर्गात सांगून टाकल्याने मोकळं वाटतं: ‘मी अडखळतो, मला थोडा वेळ लागतो.’ पण हा निर्णय त्याचा. वाचा-उपचार चालू नसतील तर सुरू करा. आणि ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’चे स्वमदत गट पाहा. आपल्यासारखंच अडखळणारा मोठा माणूस नोकरी करतो, सभेत बोलतो, हे प्रत्यक्ष पाहिलेलं त्याला आपल्या शंभर समजुतींपेक्षा जास्त आधार देईल.

पोलिसांचं म्हणाल, तर मामा चुकीचं बोलत नाहीत, पण क्रम महत्त्वाचा आहे. धमकी, पैशाची मागणी, लैंगिक मजकूर, पाठलाग, मुलाच्या नावाने खोटं अकाउंट, यातलं काहीही असेल तर एक दिवसही थांबू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, हेल्पलाइन १९३०. बालकांसाठी १०९८. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांचंच नाव विचारा. पोक्सोचं प्रकरण असेल तर मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. तो तुमचा हक्क आहे, मागून घ्या. कुणी ‘६६ अ लावून टाका’ म्हणेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं आहे. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमोर जाणूनबुजून अपमानित करणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार गुन्हा आहे. मात्र तोतरेपणा त्या कायद्यातल्या वाचादोषाच्या व्याख्येत सहसा बसत नाही, म्हणून तुमच्या मुलासाठी त्यावर विसंबू नका. जातीवरून शिवीगाळ असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि तो चिडवण्याचा भाग म्हणून सोडून देऊ नये. समोरची मुलंही १८ वर्षांखालचीच आहेत. त्यांचं प्रकरण गेलंच तर ते बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि त्यांचीही ओळख उघड करता येत नाही. त्यांची नावं, फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. तुमच्या मुलाशी झालं तेच आपण दुसऱ्याच्या मुलाशी करू नये, आणि कायद्यानेही ते अंगाशी येईल. तुम्ही सांगितलेल्या प्रकारात आजचा दिवस पुरावा, रिपोर्ट, क्लास आणि शाळा. आठवडाभरात थांबलं नाही तर पोलीस, आणि जाण्याआधी मुलाला विचारून.

तुम्ही लिहिलंय की तो जेवत नाही, रात्री जागा असतो. मग एक प्रश्न स्पष्ट विचारायलाच हवा: ‘इतकं नको झालंय का, की मरून जावंसं वाटतं?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल, किंवा नुसता गप्प राहिला, तरी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

एक शेवटचं. जूनमध्ये तुकड्या बदलतील, नवी मुलं येतील, आणि कुणाच्या तरी फोनमध्ये ते स्टिकर असेल. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात नव्या वर्गशिक्षकांना भेटा. त्यांना काय सांगायचं आणि काय नाही, हे मे महिन्यातच त्याच्याशी बोलून ठरवून ठेवा. भेटीला तो सोबत येतो म्हणाला तर त्याला न्या, आणि तिथे त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्या.